दुकान एक, खाती किती?

'मंगेशी-म्हार्दोळच्या बाजूला आमचे छोटे दुकान आहे. आगळ, आमसोले, काजूगर, सांडगे, लोणची. बराचसा माल घरीच होतो. पणजी-म्हापशाच्या दुकानदारांनाही जातो. धंदा माझ्या एकटीच्या नावावर आहे, जीएसटी नंबर आहे. गेली 11 वर्षे चालू खाते दुकानापासून दोन मिनिटांवरच्या सहकारी बँकेत आहे. यंत्राचे कर्जही तिथलेच, 11 टक्क्यांनी. हप्ता चालू खात्यातून कापला जातो. मुलीसाठी ठेवलेली साडेसहा लाखांची ठेव आणि माझे बचत खातेही त्याच शाखेत. माणसे चांगली, पण ॲप बेभरवशाचे. दिवाळीच्या आठवड्यात क्यूआरचे पैसे तीन दिवस खात्यात दिसलेच नाहीत. आता एका खासगी बँकेचा मुलगा दोनदा येऊन गेला. क्यूआर फुकट, साउंडबॉक्स फुकट, सगळे मोबाइलवर. फक्त तिमाही सरासरी 50 हजार ठेवायची. जुने खाते बंद करा, दोन-दोन कशाला सांभाळता, असे तो म्हणतो. फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारा आमचा मुलगा त्याच्या बाजूने. यजमान म्हणतात, अडीअडचणीला ज्यांनी कर्ज दिले त्यांना सोडायचे नाही. मधल्या काळात मुलाने काउंटरवर माझ्या बचत खात्याचा क्यूआर लावला, तो अजून चालू आहे. सीझनला महिन्याला अडीच लाखांची विक्री, त्यात लाखभर रोख. पावसात विक्री 70-80 हजारांवर येते आणि खात्यात पंधरा-वीस हजारच उरतात, कारण सगळा पैसा एप्रिल-मेमध्ये भिरंडांत (कोकमाच्या फळांत) आणि काजूत गेलेला असतो. काय करू?'
(एक वाचक, फोंडा तालुका)

ताई,

जुने खाते बंद करू नका. दुसरे जरूर उघडा, पण त्या बँकेच्या मुलाने पुढे केलेल्या फॉर्मवर लगेच सही करू नका. आणि काउंटरवरचा बचत खात्याचा क्यूआर आज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी काढा. मी शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण धोका तिथे सर्वांत जवळ आहे.

तुमच्याकडे येणारे निम्मे गिऱ्हाईक देवदर्शनाला आलेले असते. दीडशे रुपयांची आमसोले घेऊन ते बसमध्ये बसते आणि पुन्हा कधी दिसत नाही. त्याच्या खात्यात ते दीडशे रुपये कुठून आले हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार झाली की पोलीस पैशाचा माग काढत एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात. त्या साखळीत तुमचे खाते लागले तर तेवढी रक्कम, आणि कधी अख्खे खाते, बँकेला गोठवावे लागते. तुमचा काडीचा दोष नसतो, तरी परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करण्यात आठवडे जातात. हे बचत खात्यावर आले तर घरातले सगळेच अडते: मुलाची फी, विजेचे बिल, औषधपाणी. त्यातून बचत खाते धंद्यासाठी वापरायचे नसते, हे बँकेच्या अटींतच असते. शिवाय वर्षाच्या शेवटी तुमच्या सीएला घरचे कुठले नि दुकानाचे कुठले हे निवडत बसावे लागते, आणि त्यात विक्रीचा आकडा चुकला तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

दोन चालू खात्यांच्या बाजूने मी उभी राहते ती मुख्यतः याच कारणासाठी. अनोळखी माणसांचे पैसे ज्या खात्यात येतात, त्या खात्यातून यंत्राचा हप्ता जाऊ नये आणि भिरंडे घेऊन आलेल्या बागायतदाराचे पैसेही जाऊ नयेत. एक खाते काही कारणाने थांबले तरी दुकान उघडे राहिले पाहिजे. तुमच्या दिवाळीच्या तीन दिवसांत नेमके हेच नव्हते.

आता तुम्ही विचारले नाही, पण पत्र वाचताना मी जिथे थांबले ते सांगते. ठेव साडेसहा लाख, बचत खाते आणि चालू खाते, सगळे एकाच बँकेत. बँक बुडाली किंवा तिच्यावर निर्बंध आले तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेमागे जास्तीत जास्त 5 लाख रुपये मिळतात, मुद्दल आणि व्याज मिळून. 4 फेब्रुवारी 2020 च्या आधी ही मर्यादा 1 लाख होती. पुष्कळ दुकानदारांना वाटते की दुकानाचे खाते वेगळ्या नावाने आहे, म्हणजे त्याचे 5 लाख वेगळे. तसे नाही. धंदा तुमच्या एकटीचा आहे, तेव्हा दुकान आणि तुम्ही ही एकच व्यक्ती धरली जाते. ठेव, बचत आणि चालू खाते यांची बेरीज करून त्या सगळ्यांवर मिळून 5 लाख, आणि त्यातूनही कर्जाची बाकी वळती होऊ शकते.

तुमच्या बँकेविषयी मी काही सुचवत नाही. तिचे नावही मला ठाऊक नाही. पण गोव्यात आपण हे पाहिले आहे. म्हापसा अर्बनवर 2015 पासून निर्बंध होते आणि 2020 मध्ये तिचा परवाना रद्द झाला; मडगाव अर्बनचा 2021 मध्ये. जुन्या माणसांच्या आठवणी तर त्याहून मागे जातात. 1961 मध्ये पोर्तुगीज राजवट संपली तेव्हा बांकु नासिओनाल उल्त्रामारीनु या पोर्तुगीज बँकेकडे गहाण असलेले कितीतरी गोंयकारांचे दागिने लिस्बनला गेलेले होते, आणि ते परत यायला 1991 उजाडले. 2021 च्या कायदाबदलानंतर निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते, ही मोठीच सुधारणा आहे. पण दुकानाच्या हिशेबाने 90 दिवस म्हणजे अर्धा सीझन.

म्हणून ठेवीची मुदत कधी संपते ते पावतीवर बघा. आज मोडू नका, व्याज बुडेल. मुदत संपली की अडीच-तीन लाख दुसऱ्या बँकेत ठेवा. त्यासाठी दुसऱ्या बँकेत पाय टाकलेला असला तर बरेच. जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेकडे मात्र वळू नका. तिथल्या ठेवींना हा विमा नाही.

आता तो खासगी बँकेचा मुलगा. त्याला मी दोष देत नाही; महिन्याला इतकी खाती आणायची असे त्याला वरून सांगितलेले असते. पण त्याने फुकट म्हणून मोजून दाखवलेल्या गोष्टी मुळात काय आहेत ते बघा. गिऱ्हाइकाने आपल्या बँक खात्यातून यूपीआयने पैसे दिले तर त्यावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचे नाही, हे सरकारने 1 जानेवारी 2020 पासूनच ठरवले आहे. ते कुठल्या एका बँकेचे औदार्य नाही. साउंडबॉक्सचे भाडे मात्र खरे असते, म्हणून तो किती महिने फुकट आणि त्यानंतर काय, हे विचारायला हवे.

त्याच्या सगळ्या बोलण्यात तुमच्या खिशाला हात घालणारे वाक्य एकच आहे: तिमाही सरासरी 50 हजार. ते त्याने 'फक्त' म्हणून सांगितले, म्हणून मी ते वहीवर मांडून बघितले. सरासरी काढताना बँक रोज दिवसअखेरची शिल्लक घेते, तिमाहीतल्या सगळ्या दिवसांची बेरीज करते आणि दिवसांनी भागते. जुलै ते सप्टेंबर म्हणजे 92 दिवस. 50 हजारांची सरासरी व्हायला रोजच्या शिलकांची बेरीज 46 लाख भरली पाहिजे. तुमच्या खात्यात त्या दिवसांत साधारण 18 हजार असतात असे धरू. बेरीज झाली 16 लाख 56 हजार. गणेशचवथीच्या विक्रीचे लाखभर रुपये आठ दिवस खात्यात राहिले तर त्यात आणखी 8 लाख मिळवा. तरी सरासरी 27 हजारांच्या आतच येते. म्हणजे ज्या तिमाहीत तुमचा हात सर्वांत आखडलेला असतो, नेमक्या त्याच तिमाहीत दंड. मार्चमध्ये खात्यात कितीही पैसा असला तरी तो जुलैच्या मदतीला येत नाही.

आणि काटकसर करून 50 हजार ठेवलेच, तर? चालू खात्यावर व्याज मिळत नाही. तेच 50 हजार यंत्राच्या कर्जात भरले तर 11 टक्क्यांनी वर्षाचे साडेपाच हजार वाचतात. मला विचाराल तर त्या 'फुकट' खात्याची खरी किंमत ही आहे.

पाच-दहा हजारांच्या सरासरीची साधी चालू खातीही बँकांकडे असतात. आलेला माणूस ती आपण होऊन दाखवत नाही, कारण त्याचे टार्गेट मोठ्या खात्यात असते. तुम्ही त्याला नाही म्हणू नका. तुमच्याकडे सर्वांत कमी शिलकीचे खाते कुठले आणि त्याची सरासरी महिन्याची की तिमाहीची, असे विचारा, आणि शुल्काचा छापील तक्ता मागा. मग फोंड्याला जाऊन एखाद्या सरकारी बँकेतही हाच प्रश्न विचारा. तक्ता हातात आला की आधी रोख भरण्याचे कलम वाचा. महिन्याला किती रोख विनाशुल्क, त्यावर हजारामागे किती, आणि आपल्या शाखेखेरीज दुसरीकडे भरली तर काय. ज्या दुकानात महिन्याला लाखभर रोख जमते, तिथे या एका ओळीने वर्षाचा हिशेब फिरतो. त्यानंतर वर्षाच्या आत खाते बंद केल्यास काय आकारतात ते बघा. या सगळ्या शुल्कांवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या) नसाल तर तुमचा जीएसटी नंबर बँकेत नोंदवा, म्हणजे त्या कराची वजावट मिळेल.

यजमानांचे म्हणणे मला मनापासून पटते, पण अर्धेच. मॅनेजर बदलून जातात. तुम्हाला कर्ज देणारा आज त्या खुर्चीत असेलच असे नाही. तुमच्याजवळ राहिले आहे ते 11 वर्षांचे खाते, ज्यात प्रत्येक पावसाळ्यात शिल्लक उतरलेली आणि प्रत्येक दिवाळीत चढलेली दिसते. पुढचे यंत्र घ्यायला जाल तेव्हा हा चढउतार बघून घाबरणार नाही अशी एकच बँक आज तुमच्याकडे आहे. नवीन बँकेला तो समजायला दोन-तीन वर्षे जातील. शिवाय कर्जाचा करारनामा काढून वाचा. धंद्याची उलाढाल याच खात्यातून करावी असे कलम काही करारांत असते. तसे असेल तर नवे खाते उघडण्याआधी शाखेत एक पत्र द्या आणि पोच घ्या. नवी बँकही तुम्हाला कुठे कर्ज आहे का हे विचारेल. सरळ लिहून द्या. कर्जदारांच्या चालू खात्यांवर रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये कडक नियम आणले होते, पण 2021 मध्ये 5 कोटींखालच्या कर्जदारांना त्यात मोकळीक दिली. यंत्राचे कर्ज त्याच्या कितीतरी खाली आहे.

आणि बंद करण्याविषयी एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण ती मी काउंटरच्या पलीकडून पाहिली आहे. मी बँकेत नोकरीला असताना ज्या शाखेत होते तिथे एक व्यापारी गृहस्थ अर्ज घेऊन आले. दुसरीकडे सोय चांगली आहे, खाते बंद करा. आम्ही केले. त्यांनी पुरवठादाराला पुढच्या तारखांचे चार चेक देऊन ठेवले होते, ते त्यांच्या ध्यानातच नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. दोन महिन्यांनी 'खाते बंद' असा शेरा घेऊन पहिला चेक परत गेला आणि त्यांना वकिलाची नोटीस आली. खाते बंद असल्याने चेक न वटणे हाही परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खालचा गुन्हाच आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. प्रकरण पैसे भरून मिटले, पण त्या गृहस्थांचा उतरलेला चेहरा मी विसरले नाही. तेव्हापासून खाते बंद करायचा अर्ज आला की मी दिलेल्या चेकची यादी आधी विचारायची.

मोबाइल नंबर पोर्ट होतो तसे बँक खाते होत नाही. पणजी-म्हापशाच्या दुकानदारांकडे तुमचा जुना खाते नंबर आहे. बिलांवर छापलेला आहे. हप्ता, विमा, आयकराचा परतावा सगळे त्याच नंबरला जोडलेले. यातले काय कुठे अडकले आहे हे तुम्हाला आज बसून आठवणार नाही. ते वर्षभरात एकेक करून वर येते. जुने खाते चालू असेल तर त्याची नुसती नोंद होते. बंद असेल तर दर वेळी एक भानगड.

मुलाचे काय चुकले? फारसे काही नाही. मोबाइलवर काम झाले पाहिजे हे त्याचे म्हणणे रास्त आहे. फक्त दिवाळीच्या तीन दिवसांचे खापर बँकेवरच फोडायचे की नाही, हे आधी बघायला हवे. क्यूआर ज्या कंपनीचा, तिच्याकडून पैसे निघायलाच उशीर झाला असेल, तर नव्या बँकेतही तेच होईल. त्याला त्या तीन दिवसांतल्या एखाद्या जमेचा यूटीआर (व्यवहाराची ओळख पटवणारा) क्रमांक शोधायला सांगा आणि पैसे कुठे थांबले होते ते दोन्हीकडे लेखी विचारा. बँकेकडून 30 दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तुमच्या पत्रातला राग मला समजतो. गर्दीच्या वेळी माल संपत आलेला आणि तो आणायला पैसे हाताशी नाहीत, यासारखी घालमेल नाही. पण दोष कुठला हे कळल्याशिवाय घर बदलू नका.

मी तुमच्या जागी असते तर असे केले असते. जुन्या खात्यात रोख भरणा, दुकानदारांकडून येणारे पैसे, यंत्राचा हप्ता आणि एप्रिल-मेमधली भिरंड-काजूची खरेदी. नव्या, कमी सरासरीच्या खात्यात काउंटरचा क्यूआर, पार्सलचे ऑनलाइन पैसे, आणि लोकोत्सवासारखा स्टॉल लावलात तर तिथली जमा. दर सोमवारी नव्या खात्यातून जुन्यात, पुढच्या आठवड्याला लागेल तेवढे. दोन खात्यांचे थोडे जास्त शुल्क बसेल, आणि जास्त लक्षही द्यावे लागेल, हे लपवत नाही. सर्वांत मोठी चूक होते ती हप्त्याच्या दिवशी पैसे एका खात्यात आणि हप्ता दुसऱ्यात, अशी. एक हप्ता परत गेला तरी त्याची नोंद सिबिलला होते, म्हणून हप्त्याच्या तारखेआधी तीन दिवस जुन्या खात्याची शिल्लक बघायचे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या.

नवे खाते जूनमध्ये उघडा. पीठ-पापडाची घाई संपलेली असते, गिऱ्हाईक कमी असते, आणि काही गडबड झालीच तर ती पाच-दहा हजारांची होईल. चवथीच्या गर्दीआधी दीड-दोन महिने क्यूआरची जमा रोजच्या रोज येते का ते कळेल. पॅन, जीएसटीचे प्रमाणपत्र आणि उद्यम नोंदणी किंवा पंचायतीचा परवाना बरोबर न्या. एकल मालकीच्या धंद्याला बँका साधारणपणे दोन पुरावे मागतात. खाते उघडले की जीएसटी पोर्टलवर त्याची भर घाला, त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. सीएला दोन्ही खात्यांचे उतारे द्या. खाती दोन झाली म्हणजे रोख विभागून कमी दिसेल, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. पॅन एकच आहे आणि मोठ्या रोख भरण्याची माहिती बँका आयकर खात्याला देतात.

पुढच्या वर्षी जून आला की दोन्ही पासबुके शेजारी ठेवून बघा. जुन्या खात्यात बारा महिन्यांत हप्त्याशिवाय काहीच हालले नसेल आणि रोखही तुम्ही फोंड्यालाच भरत असाल, तर कर्ज फिटल्यावर ते बंद करायचा विचार करू. तेव्हा दिलेल्या चेकची यादी घेऊन मला पुन्हा लिहा.